रिकामे रकाने

गोंदिया,
११ नोव्हेंबर

प्रिय डिंपल,

परवा धुरपतामावशी बाजारात भेटली. तुला तिसरा महिना लागल्याचं तिने भर रस्त्यात सांगितलं आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो न खाताच पिशवीत टाकला. तुला राग येईल, पण आधी सगळं वाच.

मागच्या जानेवारीत आपल्या कामठ्यात सिकलसेलचं शिबिर झालं होतं, आठवतं? सुई पाहून तू डोळे मिटून घेतले होतेस. त्या शिबिराची यादी संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे होतं. आरोग्य कार्यालयातल्या नोकरीचा दुसराच महिना. सहाशेवर नावं. ज्यांच्या रक्तात दोष निघाला त्यांच्यापुढे तसं लिहिलेलं, बाकीचे रकाने रिकामे. साहेब म्हणाले, रिकाम्या जागी ‘निगेटिव्ह’ टाक, संध्याकाळपर्यंत कार्डं छापायची आहेत. एकेक रकाना भरण्यात दिवस गेला असता. म्हणून मी शोधून बदलायची चौकट उघडली, वरची जागा कोरी ठेवली, खाली ‘निगेटिव्ह’ लिहिलं आणि ‘सगळे बदला’ दाबलं. क्षणात ५४८ रकाने भरले. स्वतःचं केवढं कौतुक वाटलं मला!

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना प्रयोगशाळेचं एक जुनं पत्र हाती लागलं. नऊ नमुने खराब झाले होते, त्या लोकांचं रक्त पुन्हा घ्या, असं त्यात होतं. म्हणजे ते नऊ रकाने रिकामे होते, कारण अहवालच आला नव्हता. मी त्यांनाही निरोगी करून टाकलं. पत्र साहेबांपुढे ठेवलं.

"कायले उकरून राहिली? वर्ष होऊन राहिलं. कोणी विचारलं का तुले?"

"सर, लोकं त्या कार्डावर भरवसा ठेवून राहिले," मी म्हटलं.

ते फोनकडे वळले. मी माझी चूक लेखी लिहून वरच्या कार्यालयात दिली. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मग एकेक घर गाठलं. टिकारामकाका हसले, "घे बापा, रक्ताची काय कमी हाय!" शामकलाबाईंनी मात्र मला दारातूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून आल्या. आठ जणांचे अहवाल आले. सहा जण चांगले निघाले. दोघे वाहक आहेत, म्हणजे त्यांना स्वतःला त्रास नाही, पण दोष मुलांत उतरू शकतो.

डिंपल, नववं नाव तुझं आहे. उमेंद्रभाऊजी वाहक आहेत, हे ते तुला बघायला आले तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं. तुझं कार्ड चांगलं म्हणून दोन्ही घरं निश्चिंत झाली, आणि ते कार्ड धावत आणून दिलं मी. तूही वाहक निघालीस, तर बाळाला तो आजार होऊ शकतो. कदाचित तसं नसेलही. पण आता अंदाजावर राहायचं नाही. तुझा फोन सासूबाई उचलतात, म्हणून हे पत्र मावशीच्या हाती पाठवते आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही. गुरुवारी भाऊजींना घेऊन इथे गोंदियाला ये. रक्त देऊन टाक. तसं काही निघालंच, तर बाळाची तपासणी नागपूरला होते आणि अजून वेळ आहे. मी सोबत येईन. चूक कोणाची, हे तुझ्या घरात मीच सांगेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

तुझीच,
भूमेश्वरी