बाबा मेलेच नाहीत

जवाच्या कापणीचा महिना, तिसरा दिवस

बाबांनी उद्या सगळ्यांना बोलावलंय. म्हणजे संपलं. आठ दिवस अंगात ताप, पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. येशरकाका — बाबांचे चुलतभाऊ, टोळीत आता तेच वडीलधारे — मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिशान, उद्या अंग धुऊन ये. आणि डोक्याला काही बांधू नकोस."

डोकं मोकळं ठेवायचं ते बाबांच्या उजव्या हातासाठी. मी थोरला. उजवा हात थोरल्याच्या डोक्यावर, डावा धाकट्याच्या. थोरल्याला दुप्पट वाटा, वेदी आणि दारातली बैठक. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मला बैठक नको, वेदी नको. बाभळीची विहीर हवी. तीन वर्षं खणली मी ती. शेवटचा खडक फोडताना करंगळी गेली. धाकटा भाऊ इथ्रान तेव्हा शहराच्या वेशीत बसून गप्पा छाटत होता.

चौथा दिवस

तांड्याच्या कारकुनाकडून लिहायला शिकलो तेव्हा वाटलं होतं, खापरांवर शेळ्यांचे आकडे लिहीन. आज हे लिहितोय.

मी उजव्या बाजूला गुडघ्यावर बसलो. इथ्रान डावीकडे. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "इथ्रान, इकडे ये. उजवीकडे."

येशरकाकांना वाटलं, दिसत नसेल. म्हणाले, "शोबाल, उजवीकडे थोरला आहे."

"कोण कुठे आहे ते मला दिसतंय. दिशान, सरक."

सरकलो! मीच सरकलो! गुडघे घासत, सगळ्यांसमोर. उजवा हात इथ्रानच्या डोक्यावर पडला. "तुझ्या शेळ्यांना जुळी होवोत. भावकी तुझ्या शब्दात राहो. माझी वेदी तुझी, माझी काठी तुझी, बैठक तुझी, बाभळीची विहीर तुझी."

मग डावा हात माझ्याकडे आला. डोक्यापर्यंत पोचलाच नाही, खांद्यावरच पडला. "दिशान, तुझं काय. तू कुठंही उगवशील."

एवढंच. माझा आशीर्वाद एवढाच.

पाचवा दिवस

कुठंही उगवशील. तण उगवतं तसं!

सातवा दिवस

इथ्रान आला होता. तंबूच्या दोऱ्या चाचपत बाहेरच उभा राहिला, आत यायचं धाडस नाही.

"दादा, मी मागितलं नव्हतं."

"मग दे परत."

"आशीर्वाद परत कसा देणार? एकदा तोंडातून गेला तो गेला. थुंकी आहे का गिळायला?"

खरं आहे त्याचं. तेच तर जळतंय. कागाळी घेऊन जायला जागाच नाही. शेळी चोरली तर पंच आहेत, आशीर्वाद चोरला तर कोण आहे? आणि चोरला तरी कुठे — बाबांनी उचलून दिला.

माझी आई नावडती होती. तिच्या मरणाला शोक म्हणून बाबांनी अंगरखा फाडला तो बोटभर. लगेच शिवता येईल इतका. इथ्रानची आई, धाकटी तिम्ना, तिला नुसता ताप आला तर कोकरू कापायचे. लहानपणापासून पाहत आलोय. तरी त्या दिवशी डोकं मोकळं करून गेलो. मूर्ख!

नववा दिवस

बाबा मेले नाहीत.

आज सकाळी उठून बसले आणि मसूर मागितले. वाडगाभर खाल्ले. वर कांदा मागितला! रडणाऱ्या चार बायका आणून ठेवल्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना भाकरी देऊन परत पाठवलं.

माझी बायको हेला म्हणते, "चांगलं झालं. आता बघू दे डोळ्यांनी."

बारावा दिवस

बाबा काठी शोधत होते. धाकट्या आईने सांगितलं, काठी इथ्रानने नेली. मग स्वतःच चालत तंबूच्या दारात गेले. वीस वर्षांची त्यांची बैठक तिथे. तिच्यावर इथ्रान बसलेला, समोर दोन पाहुणे.

"बाबा, तुम्ही आत सावलीत पडा ना," इथ्रान म्हणाला. गोड बोलला. पाहुण्यांसमोर तो नेहमी गोडच बोलतो.

बाबा तसेच उभे राहिले. मग आत गेले.

मी मोठ्याने हसलो. पाहुण्यांनी वळून पाहिलं. पाहू देत! आपल्याच हाताने वाढून दिलं, आता ताट पुसत बसा.

अठरावा दिवस

बाबा आमच्या तंबूत राहायला आले. काखेत मेंढीचं कातडं गुंडाळलेलं, बाकी काही नाही. तिकडे सून त्यांना जेवायला शेवटी वाढते म्हणे.

हेलाने पडदा वर धरला. "या, मामंजी. आम्ही कुठंही उगवणारी माणसं. आमच्याकडे जागेचं कसलं आलंय?"

बाबा मान खाली घालून आत शिरले. मी भाकरी पुढे सरकवली, तेवढी. त्यांनी ती मोडून आधी माझ्या धाकट्या लेकीला दिली. मला आणखी राग आला. का आला, माहीत नाही.

विसावा दिवस

माझ्या नकळत बाबा आमच्या शेळ्या घेऊन बाभळीच्या विहिरीवर गेले. इथ्रानच्या गुराख्याने अडवलं. "आधी मालकांच्या शेळ्या, आजोबा. मग तुमच्या." त्या गुराख्याला बाबांनीच कामावर ठेवलं होतं. दुपारपर्यंत उन्हात उभे राहिले. परत आले तेव्हा ओठ फुटलेले. अर्ध्या शेळ्या तहानलेल्याच.

मी इथ्रानकडे गेलो. त्याची गचांडी धरली. येशरकाकांनी सोडवलं आणि मलाच बोलले, "विहीर त्याची आहे, दिशान. सगळ्यांनी ऐकलंय."

ती माझी करंगळी गिळलेली विहीर! त्यात आता माझ्या बापाला पाणी नाही.

बाविसावा दिवस

आज दुपारी बाबा आपण होऊन बोलले. शेळ्या चावत होत्या ते दोरखंड सोडवत, माझ्याकडे न बघता.

"पंचांना सांगतो. म्हणतो, ताप होता, मी बरळत होतो. बरळण्याचा आशीर्वाद होत नाही. मग पुन्हा देतो. नीट."

हेला चूल फुंकत होती, ती थांबली. बाबा आत गेल्यावर मला म्हणाली, "विचार करा. त्या माणसाच्या शब्दावर आपली चराई आहे, शेजारच्या टोळीशी तह आहे, थोरल्या लेकीचं लग्न ठरलंय. उद्या लोक म्हणतील, शोबाल तेव्हाही बरळत असेल. सत्तर वर्षांची अब्रू जाईल म्हाताऱ्याची."

"जाऊ दे."

"तुम्हाला चालेल?"

चालेल. लिहून ठेवतो, चालेल! माझी सगळ्यांसमोर गेली तेव्हा कुणाला वाईट वाटलं होतं? परवा ओकच्या झाडाखाली पंच बसणार आहेत. बाबांना माझ्या गाढवावर बसवून नेणार.

चोविसावा दिवस

नेलं.

ओकाखाली सगळे होते. इथ्रान काठी घेऊन बसलेला. बाबा खोडाला धरून उभे राहिले. मी त्यांच्या मागेच होतो, पडले तर धरायला. येशरकाका म्हणाले, "बोल, शोबाल."

बाबा म्हणाले, "मला ताप होता." मग सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "ताप होता, पण शुद्ध होती. कुणाच्या डोक्यावर हात ठेवतोय ते मला ठाऊक होतं."

आणि खाली बसले.

येताना मी गाढवाच्या पुढे चालत होतो. तोंड बघायची इच्छा नव्हती. अर्ध्या वाटेत विचारलं, "का?"

"शब्द खोटा करायला जीभ वळेना."

"ते नाही. तेव्हा का? त्याला का?"

बाबा म्हणाले, "काही दिलं नसतं तर इथ्रान शहरात निघून गेला असता. त्याला बांधून ठेवायला विहीर लागली. तू जाणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. तुला कशाला बांधायचं?"

म्हणजे मी चांगला वागलो म्हणून! पळून जायची धमकी दिली असती, दोन वेळा शहरात दारू पिऊन पडलो असतो, तर विहीर माझी झाली असती. चाळीस वर्षं घराला खांदा लावला त्याचं हे फळ.

तंबूत आल्यावर म्हणाले, "भाकरी आहे का रे?"

दिली. काय करणार?

पंचविसावा दिवस

हेलाला सांगितलं, सामान बांध. दक्षिणेला तिच्या भावाची माणसं आहेत, त्यांच्याजवळ जागा आहे. पाणी नाही. खणीन. नऊ बोटांनी खणीन.

"आणि मामंजी?" तिने विचारलं.

मी गाढवांचे पट्टे तपासायला गेलो.

सत्ताविसावा दिवस

सकाळी खुंट्या उपटल्या. बाबांना इथ्रानच्या दारात सोडलं, कातड्याची गुंडाळी शेजारी ठेवली. इथ्रान काठी टेकून नुसता बघत राहिला. मी वळणार तेवढ्यात बाबांनी माझा उजवा हात पकडला. वाटलं, थांब म्हणतील. म्हणाले नाहीत. खाली वाकले, डोक्याचं फडकं सोडलं आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. आमच्यात मुलगा बापाला आशीर्वाद देत नाही. कधीच नाही. शब्द मला सगळे पाठ आहेत, एकही तोंडातून निघाला नाही. गाढवं पुढे गेली. हेलाने दोनदा हाक मारली. हात मात्र मला काढता येईना.