पोझेच्काची लागवड

लुब्लिन, २७ ऑक्टोबर

ब्रोन्याताईंना सप्रेम नमस्कार.

सकाळी पाऊस होता, मग उघडलं. बटाटे उकडून खाल्ले. पाथरवटाचा फोन आला होता, त्याचं पुढे लिहितो. दुपारी बागेत गेलो. तुमचा गुडघा आता कसा आहे?

लुत्सिनाने गेल्या शरदात पोझेच्काची एक काडी कोपऱ्यात खोचून ठेवली होती. तांबड्या आंबट मण्यांची, जिच्या जॅमसाठी तुम्ही दोघी बहिणी भांडायचात, तीच. काडीला मुळं फुटली आहेत. ती हलवायची म्हणून मी शेजारच्या वाफ्यावरच्या बोगुमिलना विचारलं. किती मोठा खड्डा लागेल ते मी टेप काढून मोजत होतो.

"हिएरोनिमराव, झुडूप लावताय की सरकारी हद्द कायम करताय?"

जन्म भूमापनात गेला, हाताला दुसरं वळणच नाही. त्यांनी सांगितलं ते असं: काळी पोझेच्का खोल लावायची, तांबडी नाही. तांबडी एका पायावर, म्हणजे एकाच खोडावर, उभी करायची, खालचे फुटव्याचे डोळे चोळून टाकायचे. आणि लावल्यावर फांद्या अर्ध्यावर छाटायच्या.

"अर्ध्यावर?" मी म्हटलं.

"दया दाखवाल तर नुसता पाला खाल."

पाथरवटाचं लिहायचं राहिलं. लिहितो.

रोप ओल्या पोत्यात गुंडाळून बसने नेलं. कुठे, ते तुम्ही ओळखलं असेलच. लुत्सिनाच्या पायाशी खणत होतो, तोच शेजारच्या कबरीवर नवऱ्याचा संगमरवर घासणाऱ्या अपोलोनियाबाई ओरडल्या, "येशू, मारिया! कबरीवर जॅम लावताय?"

"शेवंती ठेवली तर थंडीने काळी पडते," मी म्हटलं.

"पडू दे की! सगळ्यांची पडते! आणि हिला फळं आली तर खाणार कोण?"

"तुम्ही घ्या ना."

"मी? मेलेल्या बाईच्या अंगावरची?" त्यांनी क्रूसाची खूण केली, फडका पिळला आणि थोड्या वेळाने विचारलं, "कुठल्या जातीची आहे? फार आंबट नाही ना?"

फादरना सांगणार म्हणाल्या. पण जाताना आपल्या बादलीतलं उरलेलं पाणी त्यांनीच रोपाला घातलं. "माझ्या तादेउशवर दगड बसवून बसले," म्हणाल्या, "नाहीतर त्याचा गूसबेरीवर फार जीव."

तर पाथरवट. गुरुवारी ग्रॅनाइट घेऊन येतो म्हणाला. मी त्याला थांबायला सांगितलं. ताई, रागावू नका. सर्व संतांच्या दिवशी सगळं गाव कबरींमधून फिरतं. आपली तेवढी मातीची दिसली तर नवऱ्याने बायकोला टाकलं म्हणतील, हे मला कळतं. काळा ग्रॅनाइट तुम्ही मायेने निवडलात, तोही सुंदर आहे. पण दगडावर मला काय काम? पुसायचा. पुसून झालं की नुसतं उभं राहायचं. तसं उभं राहणं मला जमत नाही. उन्हाळ्यात तुम्हाला वाटलं मी तिच्याकडे जातच नाही. जायचो. फाटकापासून परत यायचो.

आज मात्र खणताना पाऊस परत आला तरी मला कळलं नाही.

तिच्याशी बोलायला मला आजही जमलं नाही. बोगुमिलचा छाटणीचा सल्ला मात्र ऐकवला. तिला तो नक्कीच चुकीचा वाटला असणार.

कडेने ग्रॅनाइटची चौकट करू, त्यावर नाव कोरू. मध्ये माती राहू द्या. तुम्ही हो म्हणालात तरच पाथरवटाला तसं कळवतो. पहिली दोन वर्षं फळाची आशा धरू नये, असं बोगुमिल म्हणतात. उन्हात पाणी, मग काळ्या कस्तुर पक्ष्यांपासून जाळी. म्हणजे तोवर मला इथे राहणं भागच आहे. तुम्ही मला ग्दिन्याला तुमच्याकडे राहायला बोलावता आहात, त्याचं उत्तरही यातच आलं.

सणाला या. तुमची खोली झाडून ठेवली आहे.

पेटीत टाकायला आता उशीर झाला, पत्र उद्या टाकीन. बूट चिखलाने भरलेत. वर्तमानपत्र पसरून ते खरवडायला बसतो.

तुमच्या हो-नाहीची वाट पाहणारा,
हिएरोनिम