गुबगुबीत पेशी आणि तुझा फोटो

मदन महल, जबलपूर

प्रिय आई, वाकून नमस्कार.

मी बरी आहे. खोली हवेशीर आहे, डबेवाली काकू वरणावर तूपही घालते. फोनवर तू ‘मजेत आहे’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहून राहिले.

प्रयोगशाळेत मी यीस्टच्या पेशींना आवरणासाठी लागणाऱ्या एका चरबीवाचून ठेवते. मग त्या दुसरीच चरबी लावून भागवतात आणि उरलेली थेंब करून पोटात साठवतात. अशा गुबगुबीत पेशी पाहून मी आधी खूश झाले होते. माझ्या सीनियर राजश्री दीदी म्हणाल्या, “अरे, ये सेहत नहीं, तंगी है।”

परवा शेजारच्या गौरांगनं तुझा फोटो पाठवला. म्हणे, तुझी आई किती छान भरली! तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. बाबा गेल्यापासून एकटीसाठी भाजी करतेस ना? की चहा-पोळीवरच भागवतेस? आणि पायात बाबांच्या चपला काहून? तुझ्या होत नाहीत का?

हे वाचता वाचताच नडगीवर अंगठा दाबून धर. काढल्यावर खड्डा राहिला, तर ते भरणं नाही, सूज आहे; गौरांगला घेऊन आजच डॉक्टरकडे जा.

नाही राहिला, तर बाबांच्या चपला खुशाल घाल. मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
सुखदा