हिरव्या ड्रमातलं शरबत थांबवण्याबाबत

दिनांक : २४ ऑगस्ट १९७६, मंगळवार

प्रति,
मा. शिक्षण विस्तार अधिकारी साहेब,
पंचायत समिती, नागपूर

विषय : भैयाजी मालगुजार प्राथमिक शाळेत तान्ह्या पोळ्याचं शरबत हिरव्या ड्रमातून न वाटणे, व आपण स्वतः ते न पिणे बाबत.

संदर्भ : शाळेच्या फाटकावर खडूनं लिहिलेली सूचना, "गुरुवार, २६ ऑगस्टले साहेब पहिला गिलास घेऊन उद्घाटन करतीन."

महोदय,

मी गोपिका चंपतराव भोयर, वय सोळा, राहणार वाडी, ट्रान्सपोर्टच्या गोदामामागं, अर्ज करते की माझी आई वच्छला वरील शाळेत झाडझूड करते अन् पाणी भरते. माझा भाऊ कवडू तिथंच तिसरीत आहे. मी स्वतः सातवीत शाळा सोडली. काहून सोडली ते हेडमास्तर साहेब आपल्याले सांगतीनच, म्हणून मीच सांगते. मी रागात बाईंची पट्टी मोडली होती. त्याचा या अर्जाशी संबंध नाही.

१. शाळेत सध्या 'टाकाऊतून टिकाऊ' योजना चालू आहे. योजनेवर माझा राग नाही. जुन्या पेपरांचे लिफाफे मी स्वतः चिकटवून दिले. पण जुलै महिन्यात एका शेतकी कॉलेजनं आपलं भंगार शाळेले दिलं. त्यात चार ड्रम आले. ट्रकवरून मी अन् आईनं उतरवले. तीन ड्रम गंजून चाळणी झाले होते. चौथा जाड टिनाचा, एकदम मजबूत. त्याच्या अंगावर लाल चौकोनात कवटी अन् दोन हाडं काढलेली होती. तळाले पिवळं, तेलकट काहीतरी होतं. लसणासारखा वास येत होता, पण लसूण नव्हता.

२. हेडमास्तर साहेबांनं ठरवलं, गळके तीन कचऱ्याले अन् चांगला तो पाण्याले. पोरांनं चारही ड्रमांले हिरवा रंग फासला. मग चित्रकलेच्या प्रमोदिनीबाई आल्या अन् चौथ्या ड्रमावर पांढऱ्या रंगानं बैलजोडी काढली, खाली सुंदर अक्षरात 'पिण्याचे पाणी' लिहिलं. बाईंनं कवटी पाहिलीच नाही, तेव्हा त्यांचा दोष मी धरत नाही. पण साहेब, डाव्या बैलाच्या पोटाखाली ती आहे. या ड्रमाले शाळांच्या स्पर्धेत पहिला नंबर भेटला, अन् तेव्हापासून त्याच्याविरुद्ध कोणी ऐकून घेत नाही.

३. शनिवारी ड्रम गळते का पाहायले त्यात पाणी भरलं. तोटीखाली सांडलेलं पाणी शेजारच्या रुखमाबाईची शेळी प्याली. दुपारी तिच्या तोंडाले फेस, चारही पाय ताठ. तिच्या डोळ्यातली बाहुली सुईसारखी बारीक रेघ झाली होती, हे मी वाकून पाहिलं. संध्याकाळी मेली. हेडमास्तर साहेब म्हणाले, धोतरा खाल्ला असन.

सोमवारी कवडू मधल्या सुट्टीत ओंजळभर प्याला. घरी येता येता रस्त्यात ओकला. लाळ थांबेना, हातपाय थरथरत होते, अन् त्याच्याही डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. तो दवाखान्यात आहे, आजही बोलत नाही. डॉक्टर साहेबांनं आईले इचारलं, "बाई, पोरगं कोणाच्या वावरात फवारणीपाशी गेलं होतं का?" मी ड्रमाचं सांगतलं. ते म्हणाले, शाळेचं माझ्या हातात नाही, वर लेखी अर्ज कर. म्हणून हा अर्ज. हेडमास्तर साहेबांचं म्हणणं आहे की पोरगा कच्चं सीताफळ खाऊन आला. शेळीले धोतरा अन् पोराले सीताफळ. तिसऱ्यासाठी त्यांनं काय शोधून ठेवलं आहे, मले माहीत नाही.

४. काल संध्याकाळी मी शाळेत जाऊन ड्रम उलटा केला, पाणी सांडलं, अन् खिळ्यानं रंग खरडला. कवटीचा एक डोळा उघडा झाला. पोळ्याच्या तयारीले थांबलेल्या सर्वांले मी ओरडून दाखवला. एक मास्तर हसून म्हणाले, "पाहा, पट्टी मोडणारी आता ड्रम फोडायले आली. तुले वाचता येते का वं? पिण्याचे पाणी लिहिलं आहे." मी म्हटलं, मले वाचता येते, तुमाले पाहता येत नाही. हे बोलणं वाढीव होतं, कबूल. त्यावर हेडमास्तर साहेबांनं आईले बोलावून सांगतलं की सरकारी मालाची नासधूस करणाऱ्याले आजकाल इचारत नाहीत, सरळ उचलतात. पोरगी पुन्हा फाटकात दिसली तर तुझंही काम गेलं समज. खरडलेल्या जागेवर आज दोन हात रंग पुन्हा चढला. आता डोळाही दिसत नाही.

५. वास अजून येते. तो हेडमास्तर साहेबांलेही येते, कारण आज सकाळी आईलेच बाजारात पाठवून केवड्याच्या अर्काच्या दोन बाटल्या आणवल्या. साखर अन् केवडा टाकला की वास मरन, असं ठरलं आहे. तीनशे दहा पोरं लाकडी बैल घेऊन येतीन. गरमी असते, मिरवून आलेलं पोरगं एका गिलासावर थांबत नाही.

तरी विनंती आहे की शरबत विहिरीच्या पाण्यात, पितळेच्या गुंडात, म्हणजे घागरीत, करावं. ड्रम आपल्यासमोर खरडून पाहावा, डावा बैल, पोट. कवटी निघाली नाही तर मले कोणाच्याही ताब्यात द्या, मी पळणार नाही. आईचं काम गेलं तरी चालन, असं आईनं म्हटलेलं नाही, हे मीच म्हणून राहिली आहे. आपण फक्त उशिरा येऊ नका. आपण उशिरा आले तर पोरं रडतात म्हणून वाटप आधी सुरू करायचं, असंही ठरलं आहे.

आपल्या आधी फाटकाशी पोचणारी,
गोपिका चंपतराव भोयर

सोबत : ड्रमातलं पाणी, एक बाटली, सांडण्याआधी भरून घेतलेली. आपला चपराशी अर्ज घ्यायले तयार आहे, बाटली घ्यायले नाही. म्हणून ती आपल्या खिडकीत ठेवली आहे. बूच घट्ट आहे. हा अर्ज वाचण्याआधी कोणी ती उघडली असन, तर त्याच्या डोळ्यातली बाहुली पाहा अन् त्याले लगेच दवाखान्यात न्या.