दोर आजोबांच्या हातात होता

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. तू, वहिनी आणि चिमणी मजेत असाल. छपराची गळती थांबली, सुताराने एकदाची यायची कृपा केली. दुकानात शाळेचे गणवेश संपले, आता पडद्यांची कामं आहेत. नदी उतरली, धक्क्याच्या खालच्या पायऱ्या दिसायला लागल्या. आत्या बरी आहे.

तू उभारलेल्या संग्रहालयाला गर्दी असते. जुन्या जकात नाक्याचं इतकं देखणं काही होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. न्हावी तर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो, की तुझ्या डोक्यावर पहिली कात्री त्याने चालवली. तू पुढे कोणाकोणावर चालवलीस ते त्याला माहीत नाही.

इथवर लिहून उठले होते. चहा करून प्यायले, तरी डोकं शांत होईना. तेव्हा सरळच लिहिते. आत्या बरी नाही.

ताप नाही, खोकला नाही. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठणठणीत आहे. पण संग्रहालयाच्या तुझ्या त्या उद्घाटनापासून तिने आपल्या दारच्या पायरीवर बसणं सोडलं. शनिवारी संध्याकाळी माणसं आपापलं विणकाम, आपापली पोरं घेऊन गोष्टी ऐकायला यायची आणि बंद दार बघून परत जायची. विचारलं की म्हणायची, "घसा बसलाय गं." घसा बसलेली बाई मांजरावर दिवसभर खेकसते का?

मग एकदा भांडी पुसता पुसता तिने हळूच विचारलं, "तिथे संग्रहालयात भिंतीतून ऐकू येतं ते मी खरंच बोलले का गं? मला वाटायचं, मी वेगळं सांगते. म्हातारपणी माझंच डोकं फिरलं असेल."

दादा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फिरलं असेल कोणाचं डोकं तर ते तिचं नव्हे.

तुला गोष्ट पाठ आहे. तरी लिहिते, म्हणजे काय कापलंस ते डोळ्यांना दिसेल. पुराच्या दिवशी नाववाली पलीकडची माणसं अलीकडे आणत होती. शेवटच्या फेरीला तिची नाव फुटली आणि ती पलीकडच्या झाडाला धरून हाका मारत राहिली. म्हणून त्या जागेला हाकेचं वळण म्हणतात. पुढे आत्या सांगते: "आमच्या आजोबांची मोठी होडी धक्क्याला बांधलेली होती. लोक म्हणाले, सोडा, तिला आणू. दोर आजोबांच्या हातात होता. त्यांनी तो सोडला नाही. हाका थांबल्या."

आणि तुझ्या संग्रहालयाच्या भिंतीत तू टिपलेला आत्याचाच आवाज म्हणतो: "नाववाली पलीकडची माणसं अलीकडे आणत होती. दोर आजोबांच्या हातात होता. त्यांनी तो सोडला नाही." संपलं! वर तिच्या आजोबांचं, म्हणजे आपल्या पणजोबांचं चित्र, छाती पुढे, मुठीत दोर, जणू सगळं गाव त्यांनीच ओढून काढलं. शब्द सगळे तिचे, एकही तू घातला नाहीस. वा रे हुशारी! लोकांनी टाळ्या वाजवल्या, नगराध्यक्षांनी तिचे हात हातात घेतले, आणि ती पहिल्या रांगेत बसून आपण काय बोलून बसलो याचा विचार करत राहिली.

मी फोन केला तर तू म्हणालास, "वेळेत बसवायचं होतं. आणि लोक अभिमान वाटावा म्हणून येतात गं, लाज वाटावी म्हणून नाही." मीही कापायचंच काम करते. बाही अंगाला बसत नसेल तर बाही कापतात, हात नाही.

ही गोष्ट सांगायला सुरुवात कोणी केली, विसरलास? खुद्द पणजोबांनी. धक्क्यावर उभं राहून, सगळ्यांसमोर. पाण्याला भ्यायलो म्हणून होडी सोडली नाही, असं ते मरेपर्यंत सांगत होते आणि आपल्या मुलालाही सांगायला लावत होते. एकदा भ्याले, पण कबूल करायला कधी भ्याले नाहीत. तू त्यांची ही एकच मर्दुमकी पुसलीस आणि खोटी चिकटवलीस.

पुढचं ऐक. शाळेची गाडी चालवते ती, नाववालीची पणती, एक दिवस दुकानात आली. कोट शिवायला टाकला होता, अर्धाच झाला होता. म्हणाली, "दे तसाच. शिवू नकोस."

"अगं, बाह्या राहिल्यात."

"राहू देत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या पायरीवर का बसतो, माहीत आहे? तुमच्या तोंडून ते कबुलीचं एक वाक्य ऐकायला. आता तेही गिळलंत. मग आमचं तुमच्याकडे काय काम?"

मी बिनबाह्यांचा कोट घडी करून तिच्या हातात दिला. मग तिला म्हटलं, "माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण वर चल. आत्या स्वतःला वेडी समजायला लागलीय."

ती आली. चप्पल घालूनच आत आली, रागाने. पण आत्याचा चेहरा पाहिला आणि जमिनीवर बसली. म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही काय सांगता ते मला तोंडपाठ आहे. ऐका." आणि तिने अख्खी गोष्ट म्हणून दाखवली, आत्याच्याच शब्दांत, आत्या थांबते तिथे थांबत. कोणाच्या पणजीची हकीकत, आणि कोणाला धीर द्यायला ती सांगत होती! माझी मान वर होईना.

आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग मला विचारलं, "मग भिंतीत कोण बोलतंय?"

"तूच. दादाने मधलं कापलं."

मला वाटलं, रडेल. नाही रडली. म्हणाली, "माझी काठी कुठे आहे?"

तेव्हापासून ती रोज संग्रहालयात जाते. गाडीवालीच तिला सोडते. पणजोबांच्या चित्राखाली खुर्ची टाकून बसते. भिंतीतला आवाज थांबला की म्हणते, "आता राहिलेलं ऐका," आणि राहिलेलं सांगते. आधी लोक गोंधळायचे, आता मुद्दाम थांबतात. शनिवारची माणसंही विणकाम घेऊन तिथेच जाऊन बसतात. पहारेकऱ्याने त्यांना बाकं काढून दिली.

संग्रहालय समितीच्या चिटणीसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. काल ते माझ्याकडे आले. "आजींना जरा घरी ठेवा. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही." मी म्हटलं, "बरं दिसायचं खातं आमच्या दादाकडे आहे. त्यालाच विचारा." तेव्हा तुला त्यांचा फोन येईल. तू हो म्हणालास तर तिला प्रवेश बंद करणार आहेत, तिचा आवाज मात्र आत वाजत राहणार.

काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. मी शिकवणार नाही. पण गोष्ट पूर्ण लावणार असलास तर स्वतः येऊन लाव, आणि गाडीवालीच्या समोर लाव. जमणार नसेल तर येऊ नकोस. तुझी खोली मी आवरून ठेवणार नाही.

आत्याला विचारलं, तुझ्यासाठी काही निरोप आहे का. तिने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, मी आहे तोवर उरलेलं मी सांगेन. नंतर भिंतीत जे राहील, तीच आपल्या घराण्याची साक्ष ठरेल."

तुझीच बहीण,
जिला सध्या तुझी म्हणवून घ्यायला जड जातं