कमीत कमी पॅकेजेस

११ फेब्रुवारी २००२, सोमवार

पुन्हा अडकला! हडपसरच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा सर्व्हर. सगळ्या ऑफिसची मेल, इंटरनेट त्या एका डब्यातून जातं. तो अडकला की सगळे हातावर हात ठेवून बसतात. जयसिंगसरांनी आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर झापलं — "लिनक्स बसवायला पाठवलं होतं, प्रदर्शन भरवायला नाही."

कारण मला माहीत आहे. बसवताना पॅकेजेसची, म्हणजे कुठली कुठली सॉफ्टवेअर हवीत त्याची, यादी आली तेव्हा मी सरळ 'सगळं' निवडलं. डेस्कटॉप, गेम्स, मासे पोहतात तो स्क्रीनसेव्हर. चौसष्ट एमबी मेमरीच्या मशीनवर! सर्व्हरला यातलं काहीही लागत नाही. पण तिथली आम्रपाली सर्व्हरच्या शेजारच्याच टेबलाला बसते, अकाउंट्सला. मासे बघून म्हणाली होती, "अय्या, छान आहे हो!" तेवढ्यासाठी.

गेलो. रीस्टार्ट केला. तिने चहा मागवला. तासभर थांबलो. रीस्टार्टला पाच मिनिटं लागतात.

१३ फेब्रुवारी

सरांचं फर्मान — पुसून टाक, पुन्हा बसव, कमीत कमी पॅकेजेस. "यानंतर हडपसरहून एक जरी तक्रार आली तर घरी बसायचं. कॉलेज अर्ध्यात सोडलंसच, हेही सोड."

काय तोंड आहे माणसाचं! माउस आपटला. त्यातला बॉल निघून कपाटाखाली गेला. शोधायलाही मीच.

आईला यातलं काही सांगितलं नाही. ती कॉलेजवरच येते मग.

१४ फेब्रुवारी

आज तारीख काय आणि मी करतोय काय! शनिवार पेठेतल्या दुकानात बसून पॅकेजेस निवडतोय. सरांनी सरावाला जुनं मशीन दिलंय.

गेम्स काढले. ऑडिओ काढला. मग एक किरकोळ वाटलं म्हणून काढायला गेलो, तर ते म्हणतं माझ्यावाचून आणखी तिघांचं चालणार नाही. ते तिघे काढले तर मेलच निघाली! सगळं पहिल्यापासून. दोनदा. शेवटी एकेक नाव वाचत बसलो. हे नसलं तर कोणाचं अडेल? कोणाचंच नाही? काढ.

राहिला डेस्कटॉप, माशांसकट. टिक काढली. पुन्हा केली. ठेवला तर मशीन आठवड्यात अडकणार, फोन येणार, नोकरी जाणार — पण जाता जाता एकदा हडपसर! काढला तर मशीन अडकणारच नाही. मग मला तिकडे बोलावणार कोण?

काढला.

१५ फेब्रुवारी

बसवून आलो. काळा पडदा, पांढरी अक्षरं. ती म्हणाली, "मासे कुठे गेले?"

"लागत नव्हते."

असं का बोललो! नंतर ती मान खाली घालून व्हाउचरं लावत बसली. चहा नाही.

४ मार्च

चालतोय मेला! एकदाही अडकला नाही.

१९ मार्च

मीच फोन केला. तिनेच उचलला.

"सर्व्हर ठीक आहे ना?"

"हो."

"हळू वगैरे?"

"नाही."

"आवाज येतो का काही?"

"पंख्याचा येतो."

"तो यायचाच."

"मग ठेवू?"

ठेवला. जन्मात एक काम धड केलं, तर ही शिक्षा!

२५ मार्च

सर खुशीत होते. भजी मागवली. म्हणाले, "खरं तर त्या अकाउंट्सच्या बाईंचे आभार मान. दर वेळी तक्रार त्याच करायच्या. शेवटी म्हणाल्या, मुलगा हुशार आहे, पण एकदाच काय ते नीट बसवून द्यायला सांगा. सारखं सारखं यायला लागू नये त्याला."

यायला लागू नये! समोर चहा पाजायची आणि मागून फोन करायची! स्क्रू ड्रायव्हर भिरकावला.

"माझा आहे तो," सर म्हणाले. "उचल."

संपलं. हडपसरची बस दिसली तरी तोंड फिरवणार.

२८ मार्च, गुरुवार

तिच्या ऑफिसला आज साप्ताहिक सुट्टी. दुपारी दुकानात आली — आम्रपाली! सर बाहेर गेलेले. मी मान वर न करता विचारलं, "काय बिघडलं?"

"काहीच नाही."

"मग?"

स्टूल ओढून बसली. "अहो, बिघडल्यावर येता तेव्हा अख्खं ऑफिस तुमच्या डोक्यावर उभं असतं. एक शब्द बोलता येत नाही. म्हटलं, एकदा नीट चालायला लागला की नुसतेच याल. तर तुम्ही फोनवर पंख्याचा आवाज विचारता!"