बारावी चिठ्ठी

ईसाल्मी, सोमवार, १० नोव्हेंबर

प्रिय आर्वो,

तुझ्या नावाआधी ‘प्रिय’ लिहायला मला बत्तीस वर्षं लागली. आता लिहिलंच आहे, तर बाकीचं पत्रही होईल लिहून. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दहा दिवस उशिरा. ऐंशी वर्षांचा झालास! आपल्या पेपरात तुझा फोटो पाहिला. ओउलूच्या त्या नव्या घराच्या गॅलरीत उभा आहेस, अंगात तुझ्या बायकोनं, लेम्पीनं विणलेला करडा स्वेटर, आणि चेहरा असा की फोटोवाल्यानं पटकन उरकावं आणि तुला कॉफीकडे जाऊ द्यावं. लेम्पी असती तर तिनं कॉलर तरी नीट केली असती. मुलगी जवळ राहते हे वाचून बरं वाटलं. इथे तळं अजून गोठलेलं नाही. किनाऱ्याला नुसती साय धरलीये, आणि लोक रोज सकाळी काठीनं टोचून बघतात. माझा गुडघा कुरकुरतो, पण ग्रंथालयात मी अजून आठवड्यातून दोनदा जाते. पगार नाही, पण खुर्ची माझीच आहे.

तू मला पक्षात कसं ओढलंस, ते आठवतं तुला? सत्तर सालचा हिवाळा. तू नगरपालिकेत जमीनमोजणीवाला, मी ग्रंथालयातली नवी मुलगी. तू एक पुस्तक तीन आठवडे उशिरा परत केलंस. मी दंड सांगितला, तर म्हणालास, “दंड भरतो, पण पान चाळीस बघा.” चाळिसाव्या पानात लिबरल पक्षाचा सभासद-अर्ज होता. मी म्हटलं, ही लाच झाली. तू म्हणालास, “लाच कसली? उलट वर्गणी तुम्हीच भरायची आहे.” मी हसले आणि फसले. पहिल्या सभेला आपण सात जण होतो. औषधवाल्या हागेलिनबाई टोपी न काढता टेबलाच्या टोकाशी बसल्या होत्या. त्यांनी मला पक्षाचे दोन नियम सांगितले. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, आणि भांड्यातली कॉफी संपेपर्यंत उठायचं नाही. ध्येयधोरणं त्यांनी नंतर सांगितली, तीही थोडक्यात: माणसाला त्याच्या डोक्यानं जगू द्यावं, आणि ते डोकं वापरायला शिकण्याची सोय मात्र सगळ्यांनी मिळून करावी.

किती हसायचे आपल्याला! रेल्वेतले सगळे सोशल डेमोक्रॅट, खेड्यांतले सगळे सेंटर पक्षाचे, म्हणजे जुन्या शेतकरी पक्षाचे, आणि मध्ये आपण. इंजिनवाला वाल्फ्रिड बाजारात भेटला की ओरडायचा, “काय सिल्वी, तुमचं अधिवेशन यंदा कुणाच्या सॉनात?” तू त्याला म्हणायचास, “माझ्या. ये तूही, विरोधी पक्षाला सगळ्यात जास्त वाफेचा वरचा बाक राखून ठेवतो.” दोन छोटे पक्ष पासष्ट साली एकत्र येऊन आपला पक्ष झाला तेव्हा हेलसिंकीत केवढा उत्साह होता, हे हागेलिनबाई सांगायच्या. मंत्रीही झाले आपले, मागे कधी कधी. आपल्या गावात मात्र आपल्याला पालिकेत एकच जागा मिळायची. ती तुझी.

त्या एका जागेवर बसून तू जे करायचास, त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. फिरत्या ग्रंथालयाच्या बसचा प्रस्ताव मीच तुला लिहून दिला होता. सोंकायार्वीच्या वाटेवरच्या वाड्यावस्त्यांवर म्हाताऱ्या बायका मला विचारायच्या, “पोरी, आम्ही पुस्तक घ्यायला वीस किलोमीटर चालत यायचं का?” तू तो प्रस्ताव एकोणऐंशी साली मांडलास. वाचायला अकरा मिनिटं लागली. मी प्रेक्षकांच्या बाकावर होते. अध्यक्षांनी विचारलं, “अनुमोदन?” सभागृहात कुणी हात वर केला नाही. कुणी विरोधही केला नाही, सगळे नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. अनुमोदन नाही म्हणून मतदानसुद्धा झालं नाही. तू कागद घडी करून खिशात घातलास आणि बाहेर आल्यावर म्हणालास, “पुढच्या वर्षी बारा मिनिटं वाचतो.” पुढच्या वर्षीही तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही.

म्हणून ब्याऐंशीचा तो मे महिना आला, तेव्हा मी थकलेली होते. हेलसिंकीहून पत्र आलं, की आपला पक्ष सेंटर पक्षाच्या छत्राखाली सभासद-संघटना म्हणून जावा की नाही, यावर प्रत्येक शाखेनं आपलं मत ठरवावं. नाव राहील, पण घर त्यांचं. रविवारी दुपारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आपण तेवीस जण जमलो. इतके आपण आधी कधीच नव्हतो, आणि नंतरही कधी झालो नाही. तू अध्यक्ष म्हणून दोन्ही बाजू इतक्या सारख्या मापानं मांडल्यास की तुझा कल कुणाला कळला नाही. हागेलिनबाई एवढंच म्हणाल्या, “आपण लहान आहोत हे मला ठाऊक आहे. पण भाडेकरू कधी नव्हतो.” मग गुप्त मतदान झालं. कागदाच्या चिठोऱ्यांवर ‘हो’ किंवा ‘नाही’. चिठ्ठ्या टोपीत. मोजल्या तू एकट्यानं, सगळ्यांसमोर, एकेक वाचून. बारा ‘हो’, अकरा ‘नाही’.

हागेलिनबाई उठल्या. भांड्यात कॉफी अर्धी शिल्लक होती. त्यांनी हातमोजे घातले आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेल्या. दार त्यांनी हळू लावलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं. मला ते बघवलं नाही. आणि मी उठून, उरलेल्या सगळ्यांसमोर, तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “शेवटचं मत तुझं होतं, आर्वो. पालिकेत खुर्ची उबदार राहावी म्हणून तू आम्हाला विकलंस.” सगळ्यांना ते पटलं. एका मताचा फरक असला, की लोकांना तो एक माणूस हवाच असतो. मी त्यांना तो दिला. तू चिठ्ठ्या गोळा केल्यास, लोखंडी शेगडीत टाकल्यास आणि इतिवृत्ताची वही माझ्यापुढे, शाखेच्या सचिवापुढे, सरकवून म्हणालास, “आकडे लिहून घे.”

चार वर्षांनी हेलसिंकीतल्यांनी पुन्हा वेगळी चूल मांडली, तेव्हा आम्ही सात-आठ जण परत आलो, तू मात्र सेंटरच्या गटातच राहिलास. मी म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते? त्याच हिवाळ्यात फिरत्या ग्रंथालयाचा प्रस्ताव अनुमोदनासह आला, एकोणीस अनुमोदनांसह, आणि मंजूर झाला. त्या एका मतदानासाठी तू तिथे थांबला होतास, हे मला कळत होतं. कळूनही मी बाजारात तुला बघितलं की रस्ता ओलांडायची. आणि त्याच बसमधून मी चौदा वर्षं गावोगाव पुस्तकं वाटत फिरले. हिवाळ्यात चालक मागच्या फळीवर लाकडं रचायचा, कुणा एकट्या म्हातारीला देता यावीत म्हणून. काही घरांत पुस्तक हे निमित्त असायचं, आठवड्यात माझ्याशिवाय त्यांच्याशी कुणी बोललेलं नसायचं. आर्वो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली चौदा वर्षं तू मला दिलीस आणि मी तुला साधा नमस्कार करत नव्हते.

पुढे पक्षाचं काय झालं, ते तुला माहीतच आहे. पंच्याण्णव साली संसदेतली शेवटची जागा गेली. लागोपाठ दोन निवडणुकांत एकही जागा नाही, म्हणून सरकारी नोंदवहीतून नाव कमी झालं. पुन्हा नोंद हवी तर पाच हजार मतदारांच्या सह्या. मी एकसष्ट वर्षांची होते. फेब्रुवारीत, उणे अठरात, बाजारात घडीचं टेबल टाकून उभी राहिले. पहिल्या शनिवारी चार सह्या मिळाल्या, त्यातल्या दोन दारूच्या वासाच्या. दुसऱ्या शनिवारी तू आलास. हातात थर्मास, काखेत मासे भरून भाजलेला काळा पाव. म्हणालास, “सहीचं कार्ड दे.” मी म्हटलं, “तू सेंटरवाला आहेस.” म्हणालास, “या कार्डावर सहीला मतदार लागतो, आणि मी मेलेलो नाही.” सही केलीस आणि टेबलाच्या पलीकडे जायचं सोडून अलीकडे येऊन उभा राहिलास. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायला लागलास. म्हातारा वाल्फ्रिड काठी टेकत आला, त्याला म्हणालास, “सही कर. आम्ही संपलो तर तू हसणार कुणाला?” त्यानं केली! आयुष्यभराचा सोशल डेमोक्रॅट! पाच शनिवार तू उभा होतास. तीनशे बारा सह्या झाल्या आपल्या गावाच्या. देशभरच्या मिळून पाच हजार भरल्या, आणि मतपत्रिकेवर आपलं नाव परत आलं. मला त्या निवडणुकीत एकसष्ट मतं पडली. जितकं वय, तितकी मतं, असं लेम्पी म्हणाली होती.

तिसऱ्या शनिवारची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. माझे हात गारठले होते, तरी हातमोजा काढून मी एका आजीबाईंचा पत्ता लिहून घेत होते. तू शेजारून बघत होतास. अगदी सहज म्हणालास, “डावरं, मागे रेललेलं अक्षर. सिल्वी, तुझं अक्षर मी हजार चिठ्ठ्यांत ओळखेन.” आणि लगेच थर्मासचं झाकण भरून माझ्या हातात दिलंस, “पी, गरम आहे तोवर.” मी अर्धी कॉफी टेबलावर सांडली. ते थंडीनं झालं असं तू समजलास, किंवा तसं दाखवलंस. मग लेम्पी आजारी असताना मी तिला वाचून दाखवायला यायची, तेव्हा एका दुपारी ती म्हणाली, “आर्वोनं तेव्हा ‘नाही’ लिहिलं होतं. तुला माहीत नव्हतं? घरी आला आणि त्या रात्री जेवला नाही तो.” मी पुस्तकाचं पान उलटलं आणि वाचत राहिले. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

आता या पत्राचं कारण. तुझ्या वाढदिवसाच्या मुलाखतीत त्या तरुण पोरीनं विचारलं, “तुमच्या एका मतानं गावातला लिबरल पक्ष बुडाला, असं म्हणतात. खरं का?” आणि ऐंशी वर्षांचा तू उत्तर दिलंस, “आपल्याकडे हिवाळा मोठा असतो. लोकांना बोलायला काहीतरी लागतंच.” आर्वो, ते वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. बारावं ‘हो’ माझं होतं. बससाठी, सेंटरवाल्यांची अनुमोदनं मिळतील म्हणून लिहिलं होतं, थकून लिहिलं होतं, आणि हागेलिनबाईंचं उठून जाणं बघून ते मला झेपलं नाही, म्हणून तुझ्या अंगावर ढकललं. चिठ्ठी उघडलीस त्याच क्षणी तुला कळलं होतं. तू ती जाळलीस. या गुरुवारी पेपरात माझं पत्र येतंय, माझ्या नावासकट: बारावी चिठ्ठी सिल्वी आसिकाइननं लिहिली, आर्वो तिर्कोनेननं ‘नाही’ लिहिलं होतं, आणि बत्तीस वर्षं त्यानं तिचं नाव कुणाला सांगितलं नाही. संपादकांनी विचारलं, खरंच छापू का? मी म्हटलं, मोठ्या अक्षरात छापा, त्याला आता चष्म्यानंही कमी दिसतं. पण तुला ते छापील कागदावरून कळू नये, आधी माझ्या हातून कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. शनिवारी दुपारच्या गाडीनं मी ओउलूला येतेय. तुला राग आला असेल तर तोंडावर बोल, तेवढं मी तुझं देणं लागते. नसेल आला, तर कॉफी ठेव. भांडं मोठं ठेव, मला खूप वेळ बसायचंय.

कृतज्ञ, आणि अजूनही तुझीच सचिव,
सिल्वी